हात वर गेला आणि बस थांबली

तुम्ही विचारता म्हणून सांगते, पण त्या दिवशी माझे नेमके कुठे चुकले, ते मला अजूनही उमगलेले नाही. खांद्याचा सांधा बदलल्यानंतरची तपासणी हिंगोलीला होती. हात डोक्याच्या वर गेला नाही तर पुन्हा नांदेडच्या डॉक्टरांकडे पाठवीन, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावले होते. म्हणून कनेरगाव नाक्यावर बसची वाट पाहताना मी उजवा हात हळूहळू वर नेऊन पाहत होते. तो डोक्याच्या वर गेला, आणि समोर वाशिमची बस येऊन थांबली.

"चढा आजी, लवकर," कंडक्टर म्हणाले.

"मला हिंगोलीला जायचे आहे."

"मंग हात काहून दाखवला?"

"दाखवला नाही. मी व्यायाम करते आहे."

"रस्त्यावर?" असे म्हणत त्यांनी घंटी मारली.

पाठोपाठ हिंगोलीची बस आली. तोवर दमलेला हात छातीच्या वर जाईना, आणि बस निघून गेली. नाक्यावरच्या ढाब्याचे मालक हे सारे पाहत होते.

"आजी, डावा दाखवायचा न्हाई का?"

"डाव्या हाताने कुणाला बोलवावे का, बाबा?"

मग पुढच्या बसला त्यांनीच हात दाखवला.

दुसऱ्या बसने उशिरा पोहोचले, तेव्हा बाईंनी विचारले, "आता हात कुठवर जातो, आजी?"

मी खरे तेच सांगितले, "वाशिमची बस थांबते. हिंगोलीची थांबत नाही."