सगळ्यांना एकाच उंचीची दाखवणारी भिंत

टकळी : तू आधी ऐक. मध्ये बोलू नकोस.

चष्मा : मला कधी संधी मिळालीय?

टकळी : आमच्या ताईने त्या कलाकारसाहेबांच्या प्रदर्शनासाठी भिंत केली ना? समोर कुणीही उभं राहा, कॅमेरा टिपतो आणि भिंतीवर सगळे एकाच उंचीचे. साहेब, हमाल, सगळे सारखे!

चष्मा : वा. विषमता मिटली म्हणायची. तिकीट आहे का?

टकळी : आहे. गप्प बस. तर मांडामांड चालली होती तेव्हा सफाईवाल्या मावशी रोज फरशी पुसायला आल्या, की भिंत जागी व्हायची. साहेब किंचाळायचे, "हिला घालवा कुणीतरी!" मग ताईने प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली. सफाईवाल्यांचा निळा कोट दिसला, तर लक्ष देऊ नको.

चष्मा : आणि ती काढायची राहिली.

टकळी : राहिलीच की! काल उद्घाटन. हार, भाषण, "माझी कला तळागाळाला दिसते" वगैरे. मावशी ड्युटी संपायच्या आधी नातीला घेऊन आल्या. पंधरा दिवस जिच्यासमोरची फरशी पुसली ती भिंत दाखवायला. दोघी हात धरून समोर उभ्या. भिंतीवर नुसती नात. हात वर केलेला, आणि त्या हातात कुणीच नाही.

चष्मा : अरे देवा.

टकळी : पोरगी म्हणते, "आजी, तू कुठंय?" मावशींना वाटलं काच मळलीय. फडकं काढून कॅमेरा पुसायला लागल्या! आणि लोक काय करतात? टाळ्या! एक बाई तर चक्क रडल्या.

चष्मा : आणि साहेब?

टकळी : साहेब छाती पुढे काढून, "हेच तर मला म्हणायचं होतं!"

चष्मा : लाज कोळून प्यायलाय. अगं, पण कोट काढायचा ना मावशींनी!

टकळी : ताईही तेच म्हणाली. तर मावशी म्हणतात, "ड्युटीवर कोट काढला, तर मलाच काढतील." आणि नातीला म्हणाल्या, "मोठ्यांचं काम आहे बाळा, आपण मध्ये यायचं नाही."

चष्मा : मग ताईने ती ओळ पुसली असेल.

टकळी : लॅपटॉप उघडला होता. साहेबांनी मनगटच धरलं. "एक अक्षर हलवायचं नाही. उद्यापासून ही बाई रोज पाचला इथं उभी राहील. आणि ओळ गेली, तर भिंतीशेजारच्या पाटीवरचं तुझं नावही जाईल." तीन वर्षं राबलीय रे ती त्या नावासाठी.

चष्मा : मावशींना विचारलं कुणी?

टकळी : त्यांना निरोप धाडला, बस्. आता साडेचार झालेत. ताई भिंतीमागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलीय आणि मला फोनवर विचारतेय. मी काय सांगू? नात पण येणार आहे रे आज, नवा फ्रॉक घालून. "आज तरी आजी दिसेल" म्हणतेय. तू काय केलं असतंस?