मेन मशीनवरचा श्री

इंजिनिअर लोकायचं कौतुक मले नका सांगू बापा! सिंदी मेघेच्या शाळेत मी कंप्युटर शिकवत होती, तवा पोरांसाठी गेम बनवाचं सॉफ्टवेअर आणलं. मेन मशीनवर ठेवलं, अन् नेटवर्कवरून बाकीच्या दहा मशीनवर टाकाले गेली, तं प्रत्येक मशीनवर अर्ध्यातच एरर! नागपूरच्या इंजिनिअरले फोन केला.

"मॅडम, सगळ्या मशीन फॉरमॅट करा लागतीन."

म्हंजे दहावीच्या पोरांचं वर्षभराचं काम पुसून जाणार! मी चिडून स्क्रीनकडे पाहून राह्यली, तं ज्या जुन्या फोल्डरात सॉफ्टवेअर ठेवलं होतं, त्याचं नाव दिसलं: ॥ श्री ॥. लॅबच्या उद्घाटनाले हेडसरांनीच टाकाले लावलं होतं. मले वाटलं, या सॉफ्टवेअरले मराठी अक्षरच वाचता येत नसन.

हेडसरांले जाऊन म्हटलं, "सर, हे नाव बदलवते."

"बाई, श्री काऊन पुसता? अपशकुन होईन!"

"पुसत नाई सर, इंग्रजीत लिहिते."

एस-एच-आर-ई-ई टाकलं, अन् दहाच्या दहा मशीनवर सॉफ्टवेअर धडाधड चालू!

संध्याकाळी इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, केलं का फॉरमॅट?"

"नाई भाऊ," मी म्हटलं, "देवाचं स्पेलिंग बदलवलं."