कचेरीसमोरचा काचेचा मंडप

तुम्ही हसाल, पण मुर्धा गावातल्या त्या काचेच्या मंडपावरून मी आर्किटेक्ट मॅडमशी तीन महिने भांडलोय. मिठागराची जुनी कचेरी दुरुस्त करून आम्ही तिचं म्युझियम केलं. एवढं देखणं दगडी काम, आणि त्याच्या अगदी समोर हे काचेचं खोकं, वर सपाट स्लॅब! मी तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, इथे बसणार कोण?"

उद्घाटनाला मिठागरावर राबलेली गावातली जुनी माणसं बोलावली होती. सगळे कचेरीत शिरले. दामूबाबा तेवढे मंडपात बसून राहिले. मॅडमनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी मुकाट्याने बाबांकडे गेलो.

"बाबा, कचेरी नाही बघायची?"

"बघितलेली हाय, भायेरून. हजेरीला आमाला हितंच उभं करायचे, उन्हात. आत कोन घेत न्हवता."

"मग आज चला की आत. आज तुम्ही पाहुणे."

बाबांनी वर स्लॅबकडे बघितलं आणि आरामात पाय पसरले. "येतो रं. आधी हितं जरा सावलीत बसू दे."