सासूबाई आणि गीझरची ज्योत

मस्कतमध्ये चांगला घरमालक मिळायला नशीब लागतं, हे मला आमच्या गॅसच्या गीझरने शिकवलं. धाकटी जन्मली तेव्हा सासूबाई चिपळूणहून मस्कतच्या अझैबा भागात आमच्याकडे आल्या होत्या. बाळ-बाळंतिणीला सकाळी कढत पाणी हवंच, आणि नेमकी रोज सकाळी गीझरमधली सतत तेवत राहणारी छोटी पायलट ज्योत विझलेली. मेकॅनिकने पार्ट बदलला, तरी तेच. आमचे ओमानी घरमालक सालेमभाई सकाळची नमाज आटोपून ती पेटवायला यायचे. मी ओशाळलो की म्हणायचे, "बच्ची का पानी है, भाई."

एकदा ते सासूबाईंचा चहा व्हायच्या आधीच आले. बघतात तर अंगणातला सिलिंडरच बंद.

"हा कोणी बंद केला?" मी घरात विचारलं.

"मी. रोज निजताना करते, सकाळी चहाला उघडते," सासूबाई म्हणाल्या. "घरात तान्हं मूल. तुमच्या भरवशावर झोपू होय?"

शेगडी आणि गीझर दोन्ही त्याच सिलिंडरवर. मी मान खाली घालून सालेमभाईंना सगळं हिंदीत सांगितलं. ते हसले नाहीत. "माँ सही बोलती है," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी स्वतः दुसरा सिलिंडर घेऊन दारात हजर.

"ये गीझर का," ते म्हणाले. "पुराना वाला माँ के बंद करने का."