कोरी गादी

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. भालकीच्या स्टँडवर मी राजेश्वर गावाला जाणाऱ्या बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर भीमण्णा मिस्त्री आणि राजेश्वरच्या सत्यभामाबाई बोलत बसले होते.

"अक्का, तुमची मोटार इतकी वर्षं गोठ्यात उभी. तरी पत्र्याला गंज कसा न्हाई?"

"पोळ्याच्या आदल्या दिशी बैलांची खांदमळणी करत्यात न्हवं? उरलेलं लोणी-हळद मी तिलाबी चोळायचे."

"म्हणूनच उंदरं आली! सगळ्या वायरी कुरतडल्यात."

"अगं बाई! मग आता चालूच व्हायची न्हाई का?"

"व्हईल की. नव्या वायरी घेतल्यात, पेट्रोलबी मिळायलंय आता. पर एक सांगा. गाडीत गाद्या दोनच. मालकांची बसून बसून फाटली, अन् शेजारची कोरी कामून?"

"ती माझी. बसलेच न्हाई कधी."

"ते कामून?"

"मालकांनी लग्नानंतर हौसेनं आणली. सासूबाई म्हणल्या, बिनटपाच्या गाडीत सून नवऱ्याला खेटून बसली तर गाव काय म्हणंल? मग मालक एकटेच फिरायचे. पुढं लढाईत पेट्रोल मिळंना, तवापासनं गोठ्यात."

"मग आता कसं चालू करायलाव? सासूबाई गेल्या व्हय?"

"शुभ बोला, भीमण्णा! हायत की. खाटंवरून उठवत न्हाई, एवढंच."

"मग त्यांना चालंल?"

"त्यांनीच तर तुम्हाला बोलवायला लावलं. म्हणल्या, माझी खाट वेशीत नेऊन टाका. तुम्ही दोघं शेजारी बसून सगळ्या गावादेखत जाताना मला बघायचंय."