आईच्या खुर्च्या

स्कॉटलंडमधल्या डंडीत कोपऱ्यावरच्या दुकानात गॅस मीटरच्या कार्डात आगाऊ पैसे भरायला रांग लागली होती. रांगेतल्या मॉयराच्या पुढे उभ्या असलेल्या जोडप्यात चांगलीच जुंपली होती. बाकीची रांग कान टवकारून ऐकत होती.

"वीस पौंड भरले की सात थकबाकीत कापून जातात, स्ट्रुअन! आणि तू हप्त्यांवर घर तापवायचा नवा बॉयलर ठरवून आलास?"

"जुना कधीही बंद पडेल, ग्रिअर."

"पडू दे! आधी माळ्यावर ऊब धरून ठेवणाऱ्या लोकरीचा थर घालून घ्यायचं ठरलं होतं ना? नगरपालिका फुकटात करून देणार होती. माणसं आलीच नाहीत म्हणालास."

"आली होती. माळा रिकामा करा म्हणाली. मीच परत पाठवली."

"का?"

"आईचं सामान आहे वर."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सगळी ऊब छताकडे जाते. म्हणजे आईच्या खुर्च्या वर शेकत बसणार आणि आई खाली स्वयंपाकघरात कोट-टोपी घालून कुडकुडणार! विकून टाक ती अडगळ."

"रोज विचारते गं ती, खुर्च्या नीट आहेत ना म्हणून. थंडी सरली की घरी जायचंय म्हणते."

"कुठल्या घरी? तिथे ऑगस्टपासून दुसरे भाडेकरू राहतायत!"

"माहितीये मला."

"मग सांग ना तिला!"

"तू सांग."

ग्रिअर पर्समधून कार्ड काढत काउंटरकडे वळली. तिचा नंबर आला होता.

"नेहमीसारखे वीसच ना?" दुकानदारानं विचारलं.

"तीस भर," ती खेकसली.