चारा रेघेच्या अलीकडे

हॅलो?… हो, सत्यभामाच बोलतेय… कोण, शिवकन्या का? बोल, बाळा… नाही गं, जेवायचं कुठलं, सोमवार आहे माझा. पोथी आटोपली नि चारा छावणीवर आले… हो, फलकापुढंच उभी आहे.

हो, मीच काढले. दोन्ही कागद… आणि परत लावले की. वरचा खाली, खालचा वर… अगं ऐक ना. मला मोठ्यानं बोलता येत नाही, तूच जरा कान दे.

मागून कोण सांगतंय तुला?… कुणी नाही? बरं. मग तुमच्या भिंतीला अध्यक्षांसारखा खोकला झालाय.

हो, हो… पूजा झाली होती, मान्य. मी होते ना तिथं, तूच ओवाळलंस. हळदकुंकू वाहिलेला फलक हलवायचा नसतो म्हणतात?… अगं, गणपतीसुद्धा उठवतो आपण. सकाळी अंघोळ करून आले, अक्षता टाकल्या, उत्तरपूजा केली. देवाला सांगितलं, तुझी यात काही चूक नाही, बद्रीनाथ सेक्रेटरींची आहे. मग टाचण्या काढल्या.

काय चूक म्हणजे? नववीत मीच शिकवलंय तुला… विसरलीस. बरं, ऐक. गायीला दिवसाला दोन पेंढ्या, म्हशीला तीन. ज्याच्या दावणीला बारापर्यंत लागतात, त्याला संस्थेचा चारा. हा पहिला नियम. ज्याला बाराहून जास्त लागतात, त्यानं चारा आपला आणायचा, वर पाळीनं छावणीला पाण्याचा टँकर द्यायचा. हा दुसरा… हो ना, ठराव तुझ्या सासऱ्यांनीच, अध्यक्ष अर्जुनरावांनी मांडला. फोटोपण काढून घेतला.

आता आलेख. आडव्या रेघेवर गायी, उभीवर म्हशी. सहा गायींच्या खुणेपासून चार म्हशींच्या खुणेपर्यंत एक तिरपी रेघ. एका कागदावर तिच्या अलीकडचा, कोपऱ्याचा तुकडा रंगवलाय. तो बारापर्यंतवाल्यांचा. दुसऱ्यावर पलीकडचं सगळं रान रंगवलंय. तो मोठ्यांचा… कळलं ना? मग बद्रीनाथांनी मोठ्यांचा कागद चाऱ्याच्या नियमाखाली लावला. मी म्हटलं, कावून हो? तर म्हणतात, बाई, याच्यात रंग लई हाय, लोकांना वाटंल चारा लई आला.

हसू नको गं. मला पण हसू आलं होतं, पहिल्या दिवशी.

पारख सोपी आहे. शून्य गायी, शून्य म्हशी घालून बघायचं. म्हणजे मी. माझ्या दारात कोंबडीसुद्धा नाही. तर त्या फलकाप्रमाणे मी टँकर द्यायचा. आणि पाच गायी, नऊ म्हशी, सदतीस पेंढ्यांचं तुमचं घर बसलं चाऱ्याच्या रंगात… आपोआप बसलं, हो. देवाची करणी.

रतनबाईचं ठाऊक आहे ना?… एक गाय, दोन म्हशी. आठ पेंढ्या. काल तिला फलक दाखवून परत पाठवलं, वर विचारलं, टँकर कधी देतेस. तिच्या घरात घागर भरत नाही, शिवकन्ये. आज पण चारा मिळाला नाही तर उद्या मंगळवारच्या बाजारात गाय नेणार होती. दोर नवा घेऊन ठेवलाय.

कोण म्हणतं अध्यक्षांना माहीत नव्हतं? मीच सांगितलं पहिल्या दिवशी. म्हणाले, उद्या बघू. आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडला.

…दे, त्यांनाच दे. तू कशाला मधे शिणतेस.

नमस्कार, अर्जुनराव… खोकला कसा आहे?… हो, ऐकतेय… हो, मी संस्थेत राखीव जागेवरची सदस्य, सहीपुरती. तुम्हीच म्हणाला होतात म्हणे, बाई उपासतापासाची आहे, तिचा काही त्रास नाही. पण उपासाला खोटी सही चालत नाही, हे विचारायचं राहिलं तुमचं.

काय?… आलेख राहू देऊ, फक्त रेघ तुटक करू?… कशासाठी?… अच्छा, शहादेव. तीन गायी, दोन म्हशी, बरोब्बर बारा. रेघेवरच उभा. रेघ तुटक केली की तो चाऱ्याबाहेर, नाही का? निवडणुकीत तुमच्या विरोधात उभा होता, ते वेगळं… नाही हो, नाही जमायचं. बारापर्यंत म्हणजे बारा धरून. तिथं रेघ भरीव. बाराहून जास्तला तुटक. कागद अदलाबदल झालेत, हे मला त्या रेघांवरूनच आधी दिसलं.

मोठ्यानं बोलू नका, इथं माप चाललंय. घाटनांदूरहून चाऱ्याचा ट्रक आलाय केव्हाचा… कुणाला विचारून? ठरावाला विचारून. त्याच्यावर तुमची सही आहे, लई वळणदार.

येता?… या की. कागद परत फिरवा, मी हात धरणार नाही. फक्त एवढं करा, फिरवताना मोठ्यानं वाचून दाखवा. अर्जुनराव, सदतीस पेंढ्या, बारापर्यंतमध्ये बसतात. सगळ्या बाया इथंच बसल्यात, नीट ऐकतील… काय?… आज नाही जमत?

मग येऊ नका. टँकर तेवढा पाठवा. पाळीत पहिलं नाव तुमचं निघतंय… मी नाही लिहिलं, रेघेपलीकडं सगळ्यात लांब तुमचाच ठिपका आहे. दुपारच्या आत आला तर बरं, जनावरांनी सकाळपासून पाणी पाहिलेलं नाही… नाही, रागावले नाही. सोमवारी मी कुणावर रागवत नाही.

…थांबा जरा. रतनबाई, पुढं ये गं. आठ. मोजून घे, लाजू नकोस… एक दोरीतून सुटलीय बघ, ती बदलून माग.

हं, काय म्हणत होतात?… विचार करून सांगतो? बरं. टँकर भरता भरता करा.

ठेवते आता. रतनबाईची गाय इथंच गठ्ठा ओढायला लागलीय, तिला कुणीतरी घरापर्यंत धरायला पाहिजे.